गाण्याचा सातबारा

२००२ सालच्या ऑगस्टमध्ये मी या देशात उतरलो तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि लताबाईंच्या सहा कॅसेटी होत्या. विद्यापीठ मिडवेस्टमधल्या एका लहानशा गावात होते. पहिल्याच शनिवारी भाजी घेऊन परत येताना चौकात दिवा बदलण्याची वाट बघत उभा होतो. शेजारी एक मोटार येऊन थांबली. काचा खाली, आणि आतून ठोका असा की माझ्या हातातली कागदी पिशवी थरथरू लागली. आणि त्या ठोक्यावर चक्क लताबाई गात होत्या! क्षणभर वाटले, घरची फार आठवण येते आहे, त्याचाच हा परिणाम. दिवा हिरवा झाला, मोटार निघून गेली आणि मी तसाच उभा राहिलो.

पुढे प्रयोगशाळेतल्या एका मित्राने उलगडा केला. गाणे ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेचे, नाव ‘अ‍ॅडिक्टिव्ह’. त्यात राकिम हा नावाजलेला रॅपर, आणि ते घडवणारा म्युझिक प्रोड्यूसर डीजे क्विक. त्या वर्षी ते बिलबोर्डच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत चढले. त्यात पुन्हापुन्हा येणारा तुकडा १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्यातला होता. संगीत बप्पी लाहिरींचे, आवाज लताबाईंचा. तुकडा उचलताना परवानगी घेतलेली नव्हती, नावही दिलेले नव्हते.

वाचकहो, इतक्या वर्षांनी हे जुने प्रकरण उकरून काढायला एक घरगुती कारण घडले आहे. माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे. कॉलेजचे पहिले वर्ष संपताना त्याने जेवणाच्या टेबलावर जाहीर केले की त्याला म्युझिक प्रोड्यूसर व्हायचे आहे. हौस म्हणून नव्हे, पोटापाण्याचा धंदा म्हणून. घरात काय झाले असेल याची कल्पना तुम्हांपैकी बहुतेकांना आहे. इंजिनियरिंगमधल्या डॉक्टरेटला शोभेल अशा रीतीने मी म्हणालो, “आधी आकडे दाखव.” तो म्हणाला, “बाबा, तुम्ही आधी गाणी ऐका.” तेव्हा ठरवले की दोन्ही करायचे. हा लेख त्या दोन्हींचा हिशेब आहे.

आधी गाणे. ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ चांगले गाणे आहे का? माझे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि ते देताना मला थोडे जड जाते. क्विकने लताबाईंचा आवाज लोणच्यासारखा चवीपुरता घेतलेला नाही. तोच आवाज फिरूनफिरून येतो आणि सगळे गाणे तोलून धरतो. इंग्रजी गाणाऱ्या बाई त्याच्या मधल्या जागा भरतात. ओळीच्या शेवटी लताबाई जो स्वर किंचित वळवून सोडतात, नेमक्या त्या वळणाचा क्विकने ठोक्याशी मेळ घातला आहे. ज्या भाषेतला एक शब्द कळत नाही तिच्यातली लय इतकी बरोबर पकडणे हे कानाचे काम आहे, आणि त्या माणसाला कान आहे. हे कबूल केल्याशिवाय पुढे चोरीबद्दल बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

परंतु गाण्यात एक उणीव आहे, आणि ती सौंदर्याचीच उणीव आहे. इथे लताबाईंचा आवाज एका व्यक्तीचा राहत नाही. तो ‘पूर्वेकडचा’ एक आवाज होतो, उदबत्तीच्या वासासारखा, कुठून आला ते विचारायचे नाही असा. राकिम राकिम म्हणूनच गातो. ऐकणाऱ्याला ते माहीत असावे अशी गाण्याचीच अपेक्षा आहे. ज्या बाईंच्या आवाजावर सगळा डोलारा उभा आहे, तिच्याविषयी मात्र तशी अपेक्षा नाही. म्हणजे वेष्टनावर नाव नसणे ही नुसती कायद्याची चूक नव्हती. गाण्याच्या रचनेतच ती चूक ऐकू येते.

आता कोर्टकचेरी. बप्पी लाहिरींनी इथे दावा लावला आणि २००३ साली लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयाने मनाई हुकूम दिला: लाहिरींचे नाव दिल्याशिवाय तो अल्बम विकायचा नाही. आम्ही विद्यार्थ्यांनी त्या संध्याकाळी जणू आपणच जिंकलो अशा थाटात खिचडीबरोबर पापड तळले. त्यानंतरचा निकाल मात्र आमच्यापैकी कोणीच वाचला नाही. मी तो अलीकडे, मुलाच्या निमित्ताने वाचला. न्यायालयाने कागद तपासले तेव्हा असे दिसले की गाण्याचे मालक लाहिरी कधीच नव्हते. चित्रपटाच्या निर्मात्याने मोबदला देऊन ते करवून घेतले होते, आणि भारताच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे अशा गाण्याचा पहिला मालक निर्माता. निर्मात्याकडून हक्क गेले रेकॉर्ड कंपनीकडे. दावा तर बुडालाच, पण आधार नसताना तो वर्षानुवर्षे चालवल्याबद्दल लाहिरींच्या वकिलाला जवळजवळ अडीच लाख डॉलरांचा भुर्दंड बसला, आणि २०१० साली वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला.

मग मालक कंपनीच ना? थांबा. याच सुमाराला दुसरा एक खटला चालू होता. २००५ साली ‘द गेम’ या रॅपरचे ‘पुट यू ऑन द गेम’ हे गाणे आले. प्रोड्यूसर टिंबालँड. त्यात १९६९ च्या ‘आराधना’मधल्या ‘बागों में बहार है’चा तुकडा आहे, अशी सारेगामा कंपनीची तक्रार होती. इथेही पुन्हा लताबाईच, सोबत रफीसाहेब. हा दावा अटलांटाच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ साली कंपनी हरली. कारण? चित्रपटसंस्थेशी १९६७ साली झालेल्या करारात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट कंपनीकडे दोनच वर्षे राहणार असे लिहिलेले होते. तुकडा ओळखता येतो की नाही या प्रश्नात वरिष्ठ न्यायालयाला शिरावेच लागले नाही.

एका खटल्यात गाणे करणारा मालक ठरला नाही, दुसऱ्यात गाणे विकणारा मालक ठरला नाही. आणि जिचा आवाज ऐकून मी चौकात खिळलो, ती बाई दोन्ही खटल्यांत पक्षकारसुद्धा नव्हती. याच लताबाईंनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून आग्रह धरला होता. गाण्याचे पैसे घेतले की आपला संबंध संपला असे रफीसाहेबांचे मत होते, आणि त्यावरून दोघे काही वर्षे एकत्र गाईनासे झाले, हे जुन्या लोकांना आठवत असेल. २०२२ च्या फेब्रुवारीत लताबाई गेल्या आणि नऊ दिवसांनी बप्पीदा गेले. दोघांवर भरभरून लिहून आले. हा कागदांचा मामला त्यात मला कुठे दिसला नाही.

माझे वडील कराडजवळच्या एका खेड्यात शेती करत. लहानपणी त्यांच्याबरोबर मी तलाठ्याच्या कचेरीत गेलेलो आहे. सातबारा म्हणजे एकच कागद असे शहरातल्या लोकांना वाटते. खरे म्हणजे ते दोन नमुने. नमुना सात, त्यात जमीन कुणाच्या मालकीची ते लिहिलेले. नमुना बारा, त्यात यंदा काय पेरले, किती पेरले याची नोंद. वरचा भाग मालकाचा, खालचा पिकाचा. वडील नेहमी आधी खालचा भाग वाचत. “वरचं काय, वर्षानुवर्षं तेच असतं,” म्हणत, “खाली काय लिहिलंय ते बघ.”

गाण्यालाही असेच दोन नमुने असतात. सातमध्ये मालक: कंपनी, निर्माता, ज्याच्या हाती करार असेल तो. बारामध्ये ज्यांनी ते पिकवले ती माणसे: गायिका, कवी, संगीतकार, वादक, संयोजक. आजवरच्या सगळ्या व्यवस्थेने सात जपून ठेवला आहे, आणि बारा पावसात भिजवला आहे. मुलाला ज्या धंद्यात शिरायचे आहे तो धंदा जन्मभर बारामध्ये राहण्याचा आहे.

कारण म्युझिक प्रोड्यूसर म्हणजे आपल्याकडच्या अर्थाने निर्माता नव्हे. पैसे घालणारा तो नसतो. ठोका रचणे, वाद्ये निवडणे, आवाज घेणे, तुकडे जोडणे, गाणे कानाला जसे लागते तसे ते घडवणे, हे त्याचे काम. आपला जवळचा शब्द ‘संगीत संयोजक’. आणि संयोजकांचे आपण काय केले ते सांगायला नको. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात व्हायोलिनांचे ते भरगच्च ताफे स्वरलिपीत उतरवणारी माणसे मोठ्या संख्येने गोव्याची होती. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. त्यांना कामाचे पैसे मिळत. गाण्यावर हक्क नाही, आणि पडद्यावर नावही क्वचितच. गोन्साल्विस यांचे नाव घरोघर पोचले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे, कारण त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण ठेवली. श्रेयनामावलीत जे नाव यायला हवे, ते एका विनोदी गाण्यात यावे लागले.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याकडे येतो, आणि इथे मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले पाहिजे. माझी डॉक्टरेट ध्वनिसंकेतांच्या विश्लेषणात आहे. गाणे ओळखणाऱ्या यंत्रांपैकी एकाचे काही स्क्रू मी नोकरीत स्वतः पिळले आहेत. तत्त्व सोपे आहे. गाण्याचे क्षणाक्षणाचे तुकडे करून प्रत्येक क्षणी कोणत्या कंपनसंख्या जोरात आहेत ते बघायचे. आकाशात ठळक तारे दिसावेत तशी ती शिखरे दिसतात. दोन शिखरे आणि त्यांमधला वेळ यांपासून एक आकडा बनवायचा. एका गाण्याचे असे हजारो आकडे, हा त्याचा अंगठ्याचा ठसा. कुठेही, कितीही गोंगाटात काही सेकंद वाजले तरी ठसा जुळतो. २००३ साली शाझमच्या एव्हरी वँग यांनी ही युक्ती शोधनिबंधात मांडली तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत तो निबंध पानाचे कोपरे दुमडून वाचला गेला. २००७ पासून यूट्यूबने ‘कंटेंट आयडी’ या नावाने अशीच ठसे जुळवणारी व्यवस्था उभी केली. मालकाने नमुना द्यायचा, यंत्राने तो जगभर शोधायचा. सापडला की मालकाने ठरवायचे: बंद करायचे, चालू ठेवून जाहिरातीचे पैसे घ्यायचे, की नुसते बघत राहायचे.

मला तेव्हा मनापासून वाटत होते की हा प्रश्न आपण सोडवला. कोणाचे काय वाजते ते कळले की ज्याचे त्याला पैसे पोचतील, मग भांडण कशाचे? आणि या यंत्राचा उपकारही नाकारता येणार नाही. त्याआधी मोठ्या कंपनीच्या हाती बंदीची नोटीस होती आणि लहान माणसाच्या हाती काहीच नव्हते. पण माझी चूक आता मला स्पष्ट दिसते. यंत्र ध्वनी ओळखते. तो कोणाचा हे ते ओळखत नाही. ते नोंदवहीत लिहिलेले असते, आणि नोंदवही आधी येऊन लिहिणाऱ्याची असते. आम्ही अतिशय हुशार तलाठी तयार केला, ज्याला फक्त नमुना सात वाचता येतो.

हे मला पटले ते मुलाच्या एका गाण्यामुळे. माझी आई जात्यावरच्या ओव्या गाते. तिने त्या तिच्या सासूकडून घेतल्या. गेल्या वर्षी गावी गेलो असताना मुलाने त्या फोनवर मुद्रित केल्या. इकडे येऊन त्याने आजीच्या आवाजाखाली तंबोरा घातला आणि जात्याची घरघर वाटावी असा एक संथ ठोका रचला. तंबोऱ्याचा तुकडा रीतसर पैसे भरून विकत घेतलेला होता, असे तयार तुकडे विकणाऱ्यांकडून. गाणे एका मोठ्या संकेतस्थळावर चढवले आणि दुसऱ्याच दिवशी सूचना आली: या गाण्यात दुसऱ्याच्या मालकीचा ध्वनी आहे, उत्पन्न त्याला जाईल. तो ‘मालक’ म्हणजे तंबोऱ्याचा तोच तुकडा विकत घेतलेला आणखी एक गिऱ्हाईक. त्याने आपले गाणे नोंदवले, त्याबरोबर तो तंबोराही त्याच्या नावावर लागला. हरकत घेऊन ती मान्य व्हायला तीन आठवडे लागले. सगळा व्यवहार काही सेंटांचा.

पैशाचे जाऊ द्या. माझ्या डोक्यात दुसरेच बसले. शेकडो लोकांनी विकत घेतलेला तंबोरा एकाच्या नावावर होता, आणि माझ्या आईचा आवाज, तिच्या सासूच्या ओव्या, हे कोणाच्याच नावावर नव्हते. खेड्यात गायरान असते, सगळ्या गावाच्या गुरांचे. सातबाऱ्यावर तिथे कुणा माणसाचे नाव नसते. आणि ज्या जागेवर कुणाचे नाव नाही तिथे रात्रीत कुंपण पडते, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते.

आता मी मागितलेले आकडे. ते मुलानेच काढून आणले, आणि मला मान्य करावे लागले की त्याने अभ्यास माझ्यापेक्षा नीट केला होता.

पहिली गोष्ट, प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन मालमत्ता असतात: एक रचनेची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. दोन्हींचे पैसे वेगळ्या वाटांनी येतात. ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांच्या नेहमीच्या पद्धतीत तुम्ही भरलेली वर्गणी तुम्ही ऐकलेल्या गायकाला जात नाही. सगळ्यांचे पैसे एका हंड्यात पडतात आणि एकूण किती वेळा काय वाजले या प्रमाणात वाटले जातात. तुम्ही महिनाभर फक्त कुमारांचे निर्गुणी भजन ऐकलेत तरी तुमच्या वर्गणीचा बहुतेक भाग कोण्या पॉप गायकाकडे जाणार. २०२४ पासून स्पॉटिफायने असाही नियम केला की बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे काहीच मिळणार नाही. त्याचा वाटा हंड्यातच राहतो.

दुसरी गोष्ट, यात प्रोड्यूसर कुठे? रूढ पद्धत अशी की आगाऊ काही रक्कम आणि पुढे विक्रीवर थोडेसे टक्के, म्हणजे ‘पॉइंट’. ते टक्के आगाऊ रक्कम फिटल्यावर. रचनेत त्याचा हात असेल तर तिथेही वाटा, पण मागून घेतला तर. इंटरनेट रेडिओचे पैसे गोळा करणाऱ्या साउंडएक्सचेंज संस्थेची वाटणी कायद्याने ठरलेली आहे: ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला, ५ साथीदारांच्या निधीला. प्रोड्यूसरचे खाते त्यात नाही. २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन अ‍ॅक्टने प्रोड्यूसर, मिक्सर आणि ध्वनिअभियंता यांची दखल कायद्यात घेतली, पण कशी? मुख्य कलाकाराने चिठ्ठी लिहून दिली तर त्याच्या वाट्यातून यांना थेट पैसे पाठवायचे. जुन्या काही ध्वनिमुद्रणांपुरती चिठ्ठीशिवायही सोय आहे, पण ती अपवादाची. गड्याने मालकाची चिठ्ठी आणावी आणि दुकानातून धान्य न्यावे, तशातला प्रकार. तरी पूर्वी चिठ्ठीलाही कायद्याचा आधार नव्हता, हे खरे.

“मग जगतात कसे?” मी विचारले. तर शिकवण्या, जाहिराती, दुसऱ्यांचे ध्वनिमिश्रण, आणि इंटरनेटवर तयार ठोके विकणे. या शेवटच्या प्रकाराचे त्याचे लाडके उदाहरण ‘ओल्ड टाउन रोड’. नेदरलँड्समधल्या यंगकिओ नावाच्या कोवळ्या पोराने एक ठोका रचून विक्रीला ठेवला. लिल नॅस एक्स या तेव्हा अनोळखी असलेल्या मुलाने तो ३० डॉलरला घेतला. २०१९ साली ते गाणे १९ आठवडे बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या ठोक्यातले बँजोसारखे वाजणारे तुणतुणे ‘नाइन इंच नेल्स’ या गटाच्या २००८ च्या एका वाद्यसंगीताच्या तुकड्यातून घेतलेले होते. तो संग्रहच मुळी नफ्यासाठी नसेल तर कोणीही वापरा अशा परवान्याखाली सोडलेला. पण हे गाणे तर तुफान विकले जाऊ लागले. मग बोलणी झाली, आणि आज त्या गाण्याच्या नामावलीत ट्रेंट रेझ्नर आणि अ‍ॅटिकस रॉस यांची नावे रचनाकार व प्रोड्यूसर म्हणून आहेत. यंगकिओचेही आहे.

मुलाच्या मते ही सुखान्त गोष्ट आहे. माझ्या मते ती लॉटरीची गोष्ट आहे. पण ‘अ‍ॅडिक्टिव्ह’शी तुलना केली तर एक फरक मलाही नाकारता येत नाही. तिथे नाव मिळवायला न्यायालयाचा मनाई हुकूम लागला आणि मालकी मिळालीच नाही. इथे नाव बोलण्यातून लागले आणि नावाबरोबर वाटाही आला. दोन्हीकडे निकाल एकाच गोष्टीवर लागला: खालच्या नमुन्यात कोण कोण आहे हे कोणी, कधी लिहिले.

आपल्याकडे जमिनीच्या बाबतीत हा प्रश्न एकदा ऐरणीवर आला होता. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. कसेल त्याची जमीन. त्याने सगळे सुरळीत झाले असे नाही. कुळाचे नाव लागू नये म्हणून ज्या क्लृप्त्या झाल्या त्या आपल्यातल्या अनेकांच्या घरांत, या नाहीतर त्या बाजूने, घडलेल्या आहेत. पण कसणाऱ्याचाही हक्क असतो हे कायद्याने एकदा लिहून टाकले. गाण्याच्या बाबतीत भारतात ही गोष्ट २०१२ साली झाली. त्याआधी १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की चित्रपटासाठी पैसे घेऊन केलेल्या गाण्यावर, करार वेगळा नसेल तर, कवी-संगीतकाराचा हक्क उरत नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला स्वतंत्र पुस्ती जोडून गायकाला तर कायद्यात स्थानच नाही याची खंत नोंदवली. पस्तीस वर्षांनी, जावेद अख्तर आदींच्या पाठपुराव्यानंतर, कायदा बदलला. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरात कवीला आणि संगीतकाराला समान वाटा, आणि तो वारस किंवा त्यांची संस्था यांखेरीज कोणाला लिहून देता येणार नाही. गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला.

हा गाण्याचा कूळकायदा, असे मी म्हणेन. आणि त्यावर माझी टीका कूळकायद्यावर होते तीच आहे. ज्याचे नाव लागले त्याला मिळाले. संयोजक, वादक, ठोका रचणारा, यांची नावे कागदावर नव्हती. कायदा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. ज्याला आज प्रोड्यूसर म्हणतात तो नेमका याच रांगेत उभा आहे.

म्हणून मुलाला मी ‘नको’ म्हटले का? म्हणणार होतो. वाक्य तयार होते: “आधी पदवी, मग काय ते कर.” तेवढ्यात रविवारचा आईचा फोन आला. मुलाने तिला गाणे ऐकवले. शेवटपर्यंत ऐकून तिने विचारले, “माझं नाव घातलंस का न्हाई रं?” तो म्हणाला, “घातलं ना आजी.” ती म्हणाली, “आन् सासूबाईंचं? ओव्या त्यांच्या हायती. मी निस्ती म्हनते.”

तो गप्प झाला. मग माझ्याकडे वळून विचारू लागला, पणजीचे पूर्ण नाव काय. मला ते पटकन आठवेना. डॉक्टरेट, पेटंटे, आणि स्वतःच्या आजीचे माहेरचे नाव आईला विचारून लिहून घ्यावे लागले! त्याने ते गाण्याच्या माहितीत घातले: ओव्या यांच्याकडून, आवाज यांचा, तंबोरा अमक्या संग्रहातून परवान्याने, ठोका व संयोजन स्वतःचे. मग ते गाणे पुन्हा ऐकले. क्विकच्या गाण्यात मला जी उणीव वाटली होती ती इथे नव्हती. आजीचा आवाज पार्श्वभूमीला टाकलेला नव्हता. ती श्वास घेते, एक ओळ विसरते, हसते, ते सगळे त्याने राहू दिले होते. ठोका तिच्यासाठी थांबत होता. ठोक्यासाठी तिला कुठे कापले नव्हते. नाव देणे आणि नीट ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी नसाव्यात, असे त्या दिवशी वाटले.

आकड्यांचे म्हणाल तर ते बदललेले नाहीत. या धंद्यात पोट भरणे कठीण आहे, आणि ठसे ओळखणारी आमची यंत्रे ते सोपे करणार नाहीत. आमच्यात तह झाला आहे: पदवी पुरी करायची, आणि दुसऱ्या कोणाबरोबर केलेल्या प्रत्येक गाण्याचा वाटणीचा कागद त्याच दिवशी, स्टुडिओतून उठण्याआधी, सह्या करून ठेवायचा. कोणी काय केले, कोणाचा किती वाटा. इकडचे लोक त्याला ‘स्प्लिट शीट’ म्हणतात. आमच्या घरी त्याला ‘नमुना बारा’ म्हणतात.

जाता जाता मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. गेल्या कित्येक गणेशोत्सवांच्या आणि दिवाळी पहाटेच्या चित्रफिती आपण इंटरनेटवर चढवल्या आहेत. मी त्या परवा बघितल्या. प्रत्येकीखाली मंडळाचे नाव आहे, प्रायोजकांची नावे आहेत, गायकांची आहेत. तबल्यावर कोण होते, पेटीवर कोण, आवाजाची व्यवस्था कोणी पाहिली, बहुतेक ठिकाणी लिहिलेले नाही. त्यांतली काही माणसे आता भारतात परतली, एकदोघे आपल्यात नाहीत. ज्यांना ती नावे आठवत असतील त्यांनी मला कळवावीत. एक शनिवार काढून मी आणि माझा मुलगा ती सगळी भरून टाकू.